दुसरं पाऊल टेकेपर्यंत

ओहायोत शाळेच्या संघाला शिकवायचं असेल, तर पैसे मिळोत न मिळोत, राज्याच्या शिक्षण खात्याचा परवाना आधी काढावा लागतो. बोटांचे ठसे देऊन पूर्वेतिहासाची तपासणी, प्रथमोपचार आणि सीपीआर, डोक्याला धक्का बसल्याची लक्षणं ओळखायचा अभ्यासक्रम, मैदानावर कुणाचं हृदय अचानक बंद पडलं तर काय करायचं त्याचा वेगळा. ऑफिस सुटल्यापासून जेवणापर्यंतच्या वेळात बसून मी हे सगळं एका वसंतात पुरं केलं. ऑगस्टमध्ये सातवी-आठवीच्या अमेरिकन फुटबॉल संघाची ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे चेंडूवाल्या संघाची पुढची पाच जणांची ओळ, माझ्या ताब्यात आली.

मी मूळचा कोल्हापूरचा. सिनसिनाटीच्या उत्तरेला एका उपनगरात राहतो. मुलगा अंगानं थोराड, त्यामुळे संघात गेल्या गेल्या त्याला लाइनमध्ये उभं केलं, आणि आपले बाबा लहानपणी तालमीत जायचे हे त्यानं तिथे सांगून टाकलं. मुख्य कोच त्याच शाळेत गणित शिकवतो. तो मला म्हणाला, "खेळाचे नियम मी तुला शिकवीन. पण समोरच्याच्या वजनाला कसं भिडायचं हे तुला अंगानं माहीत आहे. ते शिकवायला मला माणूस मिळत नाही." मग त्यानं स्टीफन नीलचं नाव काढलं. नील कॅलिफोर्नियाचा पैलवान. १९९८ आणि १९९९ अशी लागोपाठ दोन वर्षं त्यानं कॉलेजांची राष्ट्रीय हेवीवेट कुस्ती जिंकली, १९९९ मध्येच जागतिक अजिंक्यपदही मिळवलं. कॉलेजात फुटबॉलला हातही न लावलेला हा गडी पुढे न्यू इंग्लंड पेट्रियट्स या व्यावसायिक संघात, लाइनमधला गार्ड झाला. पैलवान लाइनमध्ये का चालतो, हे मला त्या एका उदाहरणानं पटलं. मी हो म्हणालो.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक मागे उभा असतो आणि पुढे पाच जण ओळीनं: मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. रनिंग बॅकला वाट मिळावी म्हणून या पाचांनी समोरची बचावफळी हटवायची, याला रन ब्लॉकिंग म्हणतात. कवेत धरायचं नाही, पाय ओढायचा नाही. हात, कंबर आणि पाय यांच्या जोरावर माणूस आहे तिथून हलवायचा. एक डाव पाच-सहा सेकंदांत संपतो.

समोरचा बचावपटू बहुतेक वेळा चपळ असतो आणि त्याला हात वापरायची मोकळीकही जास्त. लाइनकडे जमेची बाजू एकच: चेंडू कधी उचलला जाणार हे तिला माहीत असतं. डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅकच्या हाकेतला कितवा शब्द, हे आधी घोळक्यात ठरलेलं असतं. बचावपटूला मात्र चेंडू हललेला दिसल्यावरच हलता येतं. या क्षणभराच्या आघाडीत जे बसतं ते म्हणजे पहिलं पाऊल. ते हुकलं की दोघं बरोबरीवर आले.

पहिलं पाऊल सहा इंचांचं. मुलांना हे सांगून पटत नाही. जोर लावायचा म्हणजे झेप घ्यायची असं त्यांना वाटतं, आणि झेप घेतली की धडकेच्या वेळी एक पाय हवेत असतो. एका पायावरचा माणूस कितीही वजनाचा असो, ढकलला जातो. म्हणून पहिलं पाऊल आखूड, दुसरं त्याहून झटपट, आणि समोरच्याला भिडण्याआधी दुसरं पाऊल जमिनीवर. माझ्या शिकवण्यातली सगळी धडपड या एका गोष्टीसाठी असते. मुलांना घरी जाताना एकच गोष्ट आठवणार असेल, तर ती ही असावी.

ते बघायचं तर कोचनं उभं कुठे राहायचं हेसुद्धा शिकावं लागतं. बाजूला उभं राहिलं की पहिला मुलगा दिसतो, बाकीचे त्याच्याआड जातात. समोर उभं राहिलं की चेहरे दिसतात, आणि चेहऱ्यावर सगळ्यांचाच जोर असतो. मी रनिंग बॅकच्या जागी, पाचांच्या मागे जाऊन उकिडवा बसतो. तिथून दहा टाचा दिसतात. चेंडू हलला की पाच टाचा एकाच वेळी, एकाच अंगाला उचलल्या गेल्या पाहिजेत. सुरुवातीला दोन उचलल्या जात, एक मागे राही, एक भलत्याच दिशेला जाई. गवतावर चुन्यानं सहा इंचांच्या अंतरानं रेघा मारून घेतल्या आणि नुसतं पहिलं पाऊल, मग पहिलं-दुसरं, असं आम्ही रोज सरावाच्या सुरुवातीला करत राहिलो. समोर माणूस नाही, गादीची ढाल नाही, काही नाही. मुलं कंटाळतात. कंटाळू द्यावं असं माझं मत आहे. जोर-बैठकांना आम्हीही कंटाळायचो, आणि वस्ताद मोजत राहायचे.

या सगळ्यात मला सर्वांत उपयोगी पडली ती मुख्य कोचनं दाखवलेली रीत: ब्लॉक उलटा शिकवायचा. शेवट आधी, सुरुवात शेवटी. अनेक जुने लाइन कोच असंच करत आले आहेत.

पहिल्या टप्प्यात दोन मुलं एकमेकांना आधीच भिडलेली उभी करायची. ब्लॉक करणाऱ्याचे गुडघे वाकलेले, पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, पाठ सपाट, मान वर. दोन्ही हात समोरच्याच्या छातीच्या पॅडवर, अंगठे आकाशाकडे, कोपरं बरगड्यांना लागलेली. शिट्टी झाली की कंबर खालून पुढे घालायची आणि आखूड, जमीन न सोडणाऱ्या पावलांनी पाच यार्ड चालवत न्यायचं. समोरचा मुलगा बेताचाच विरोध करतो. इथे ब्लॉक करणारा जिंकणारच असतो, आणि तेच हवं. जिंकलेला ब्लॉक अंगाला कसा लागतो, मांड्यांत कुठे ताण येतो, समोरच्याची टाच उचलली गेली की हाताला काय कळतं, हे सगळं त्याला पहिल्याच दिवशी मिळतं.

दुसऱ्या टप्प्यात त्याला एक पाऊल मागे घ्यायचं. पहिलं पाऊल पडलेलंच आहे असं धरून दुसरं टाकायचं आणि भिडायचं. तिसऱ्यात दोन्ही पावलं. हात जमिनीला टेकलेला तीन टेकूंचा पवित्रा सगळ्यांत शेवटी. तोवर मुलाला आपण कुठे पोहोचायचं आहे हे ठाऊक असतं, त्यामुळे पवित्रा घेताना तो आपोआप पुढच्या पावलाचा विचार करून बसतो. ढुंगण फार वर गेलं तर पहिलं पाऊल लांबतं, फार खाली गेलं तर उठायलाच वेळ जातो. हे मला सांगावं लागत नाही, त्याचं त्याला जाणवतं.

कुस्तीचा फायदा कुठे झाला, तर कंबरेच्या बाबतीत. आमच्या वस्तादांचा सगळा भर कंबरेवर होता: खांदे नंतर, आधी कंबर खाली, मग पुढे. इथेही तेच चालतं. सगळे कोच पॅडची उंची म्हणून ओरडत असतात, ज्याचे खांद्यांचे पॅड खाली तो जिंकला. ते खरंच आहे. पण मुलाला 'खाली हो' म्हटलं की तो कमरेत वाकतो आणि त्याची नजर जमिनीला लागते. गुडघ्यांत बस, छाती समोरच्याला दिसू दे, असं सांगितलं की पॅड आपोआप खाली येतात. मी त्यांना बैठका शिकवल्या, कोल्हापुरी पद्धतीच्या, टाच उचलून. लाइनच्या मुलांना त्या आवडल्या. आता सरावाआधी तेच मोजतात, मराठीत, वीसपर्यंत.

हातांच्या बाबतीत मात्र तालमीतलं सगळं बाजूला ठेवावं लागलं. कुस्तीत पकड हाच जीव. इथे पकड अंगाच्या चौकटीबाहेर गेली, दंडाला किंवा पाठीमागच्या कापडाला हात लागला, समोरचा वळला तरी सुटला नाही, की पिवळा रुमाल पडतो आणि होल्डिंगसाठी संघ दहा यार्ड मागे जातो. सातवीतल्या मुलाला वाटतं की माणूस निसटतोय, आता धरलंच पाहिजे. त्या क्षणी हातानं काही करायचंच नाही, पायांनी करायचं. तो डावीकडे सरकला तर तुझा डावा पाय सरकला पाहिजे, छाती त्याच्या छातीसमोर राहिली पाहिजे. यासाठी आम्ही हात पाठीमागे बांधून सराव करतो. समोरचा बचावपटू चालत चालत डावी-उजवीकडे जातो आणि ब्लॉक करणारा नुसत्या पायांनी त्याच्यापुढे राहतो. हात सोडल्यावर बघावं, पकडायची घाई निम्म्यानं कमी झालेली असते.

डोक्याविषयी मला सविस्तर लिहायचं आहे, कारण आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलणं त्यावरच झालं. बायको पहिल्या दिवसापासून धास्तावलेली होती. "अहो, तुम्ही शिकवणार म्हणजे काळजी घेणार हे मला कळतं. पण डोक्यावर डोकं आपटणारच ना?" तिचा प्रश्न बरोबर होता. लाइनमध्ये मोठ्या धडका कमी असतात, पण जवळजवळ प्रत्येक डावात भिडंत होते, आणि डोक्याला बसणाऱ्या अशा छोट्या छोट्या दणक्यांचीही बेरीज होते. एके काळी ब्लॉकिंग शिकवलंच जायचं ते हेल्मेट समोरच्याच्या छातीत घालून. १९६८ या एका वर्षात अमेरिकेत या खेळातल्या थेट दुखापतींनी ३६ खेळाडू दगावले. १९७६ मध्ये शाळा आणि कॉलेज या दोन्ही स्तरांवर डोक्यानं पहिला आघात करायला बंदी आली. त्यानंतर मानेच्या गंभीर दुखापती झपाट्यानं घटल्या, आणि १९९० साली असा एकही मृत्यू नोंदला गेला नाही. खेळ नियमानं बदलतो, कोच बदलला तर तो आणखी बदलतो.

म्हणून माझ्याकडे पहिला स्पर्श हातांचा. हात लवकर पोहोचले तर कोपर सरळ होण्याआधी समोरच्याचं वजन तळव्यांवर येतं आणि हेल्मेट मागे राहतं. हात उशिरा आले की डोकं आधी जातं. इथेही पुन्हा पावलांवरच यावं लागतं, कारण लांब झेप घेणाऱ्याचं डोकं हातांच्या पुढे असतं. पॉप वॉर्नर या मुलांच्या सर्वांत जुन्या संघटनेनं २०१९ पासून आपल्या लहान गटांना तीन टेकूंचा पवित्रा बंद केला, मुलं उभ्यानंच सुरुवात करतात. मला तो निर्णय आवडला. आमची मुलं त्या वयापेक्षा मोठी आहेत, तरी सातवीच्या मुलांचा अर्धा सराव मी उभ्या पवित्र्यातूनच घेतो. एकमेकांवर पूर्ण जोरानं जाणं आठवड्यातून थोडाच वेळ, बाकी सगळं ढालीवर, ढकलायच्या स्लेडवर किंवा अर्ध्या वेगात. बायको पहिल्या मोसमात प्रत्येक सरावाला कडेला खुर्ची टाकून बसायची. अजूनही सामन्याला येते, आणि कुणाचं डोकं खाली गेलं तर मला घरी आल्यावर आठवणीनं सांगते. तिचं म्हणणं मी वहीत लिहून ठेवतो.

ऑगस्टचा उकाडा ही दुसरी भीती. पहिले दिवस नुसतं हेल्मेट, मग खांद्यांचे पॅड, त्यानंतरच पूर्ण पोशाख, असा नियम आहे, आणि लाइनच्या मुलांसाठी तो फार मोलाचा आहे, कारण त्यांचं अंग मोठं, उष्णता लवकर बाहेर पडत नाही. कोरी स्ट्रिंगर हा ओहायोतल्या वॉरनचा मुलगा, मिनेसोटा व्हायकिंग्जचा टॅकल. २००१ च्या ऑगस्टमध्ये सरावातल्या उष्माघातानं तो वयाच्या २७ व्या वर्षी गेला. त्याच्या नावानं कनेटिकट विद्यापीठात संस्था उभी आहे. पाणी मागणाऱ्या मुलाला कोचनं कधी थांबवू नये, याची ती आठवण.

स्लेड म्हणजे लोखंडी घसरगाडी. पुढे पाच गाद्या लावलेल्या असतात आणि पाच मुलं मिळून ती ढकलतात. बघायला ती फार छान दिसते, आई-बाप फोटो काढतात. आमची स्लेड पुढे जायची, पण सरळ जायची नाही, सारखी उजवीकडे वळायची. मी मोबाइलवर चित्रण करून तालमीतल्या एका जुन्या जोडीदाराला पाठवलं. तो आता कोल्हापुरात पोरांना शिकवतो. त्यानं हा खेळ आयुष्यात पाहिलेला नाही. रात्री त्याचा फोन आला. "डावीकडनं दुसरं पोरगं बघ मर्दा. चवड्यावर उभं हाय ते. जोर लावतंय खरं, पण जमिनीत जोरच जात न्हाई. समोरचं काढून घेतलंस तर तोंडावर पडंल." मी चित्रण हळू करून पाहिलं. डाव्या गार्डचं अंग इतकं पुढे कललं होतं, की पाय मागे राहिले होते. वजन गादीवर टेकलेलं, पायाखाली काहीच नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला स्लेडपासून दूर नेलं आणि ढाल हातात घेऊन स्वतः समोर उभा राहिलो. तो भिडला की मी मधेच ढाल काढून घ्यायची आणि त्यानं उभं राहायचं, पडायचं नाही. पहिल्यांदा तो माझ्या अंगावर आला. मग एकदा गुडघ्यावर. मग त्यानं आपण होऊन पाय छातीखाली आणले, कंबर खाली घेतली, आणि मी ढाल काढल्यावर दोन पावलं तसाच पुढे चालत गेला, तोल न जाता. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघायला त्याचे वडील तिथे असायला हवे होते असं मला वाटलं. स्लेड सरळ जायला लागली.

आता ज्या भागात माझा जीव जास्त रमतो तिकडे येतो. एकाविरुद्ध एक ब्लॉक हा पाया, पण सामना बहुतेक वेळा जोडीत जिंकला जातो. आम्ही जो मुख्य डाव खेळतो त्याला इनसाइड झोन म्हणतात. त्यात कुणी ठरावीक माणसामागे धावत नाही. पाचही जण एकाच अंगाला पहिलं पाऊल टाकतात आणि प्रत्येकानं स्वतःला विचारायचं: माझ्यासमोर कुणी उभा आहे का? असेल तर तो माझा. नसेल तर डाव ज्या बाजूला चालला आहे तिकडच्या शेजाऱ्याला मदत करायची, दोघांनी मिळून त्याच्यासमोरचा माणूस मागे रेटायचा, आणि मग दोघांपैकी एकानं सुटून बचावफळीच्या मागे उभ्या असलेल्या लाइनबॅकरवर जायचं.

ही कल्पना डेन्व्हर ब्रॉन्कोज या व्यावसायिक संघानं किती दूर नेली ते सांगतो. ॲलेक्स गिब्ज तिथे लाइन कोच होते. त्यांचे लाइनमन इतर संघांच्या मानानं हलके होते, पण पाचांची पावलं एकत्र पडायची. १९९८ च्या मोसमात त्यांच्यामागून टेरेल डेव्हिस २,००८ यार्ड धावला आणि संघानं लागोपाठ दुसरा सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकला. वजन कमी असलेल्या मुलांना मी हे नेहमी सांगतो. आमच्या सेंटरला तर ते पाठ आहे.

कोणी सुटायचं आणि कधी, यातच सगळी गोम आहे. लाइन कोचेसचं एक वचन आहे: चार हात लाइनमनवर, चार डोळे लाइनबॅकरवर. दोघांचे हात समोरच्या जाड्या मुलाच्या छातीवर, पण नजर त्याच्यावर नाही, त्याच्या खांद्यावरून मागे. लाइनबॅकर ज्याच्या बाजूला येईल त्यानं सुटायचं, दुसऱ्यानं माणूस एकट्याच्या अंगावर घ्यायचा. मुलं हमखास लवकर सुटतात. लाइनबॅकर दिसला की त्याच्याकडे धावावंसं वाटतं, आणि मग अर्धवट हललेला माणूस दोघांच्या मधून आत शिरतो. मी त्यांना एकच सांगत राहतो: लाइनबॅकरला तुझ्याकडे येऊ दे. तू माणूस मागे रेटत राहिलास तर तू आपोआप त्याच्यापर्यंत पोहोचतोस.

दोघांच्या कमरा चिकटलेल्या हव्यात. मधे फट पडली की जू तिरकं झालेल्या बैलजोडीसारखं होतं, दोघंही ओढतात आणि काहीच सरकत नाही. आम्ही सेंटर आणि उजव्या गार्डच्या कमरेमधे एक टॉवेल धरायला लावतो. दोघांनी ढालवाल्याला चार यार्ड मागे न्यायचं, टॉवेल पडता कामा नये. मी लाइनबॅकरच्या जागी उभा राहतो आणि मनाला येईल तेव्हा डावीकडे किंवा उजवीकडे पाऊल टाकतो. ज्याच्याकडे मी आलो त्यानं आतल्या हातानं शेजाऱ्याच्या माणसाला शेवटचा रेटा देऊन माझ्यावर यायचं. टॉवेल त्या क्षणी पडला तर चालतो. त्याआधी पडला तर पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीच्या दिवसांत टॉवेल गवतावरच असायचा. मोसमाच्या मध्यावर एका संध्याकाळी मी त्यांच्या डावीकडे पाऊल टाकलं, सेंटर सुटून माझ्यावर आला, आणि टॉवेल गार्डच्या कमरेवर अडकून राहिला. गार्डला ते कळलंही नाही. तो ढालवाल्याला अजून मागे नेतच होता.

आमचे सामने बहुतेक गुरुवारी संध्याकाळी असतात. एका सामन्यात चारांपैकी तिसरा प्रयत्न होता आणि आम्ही दोन यार्ड बाकी असताना अडकलो होतो. मुख्य कोचनं माझ्याकडे पाहिलं, मी उजवीकडे बोट केलं. मला चेंडू दिसला नाही, कारण मी सेंटर आणि उजव्या गार्डच्या टाचा बघत होतो. दोन्ही डाव्या टाचा एकदम पुढे आल्या. म्हणजे दुसरं पाऊल टेकलं होतं, आणि समोरच्याचे हात अजून वर येत होते. तो मुलगा आमच्या दोघांपेक्षाही वजनदार होता. तो आधी उभा झाला, मग मागे. लाइनबॅकर वाट बुजवायला धावत आला तो नेमका गार्डच्या बाजूला, आणि गार्ड सुटला. त्यानंतर गर्दीचा आवाज झाला, तेव्हा मला कळलं की रनिंग बॅक फार पुढे गेला आहे.

सामन्याच्या वृत्तांतात त्या रनिंग बॅकचे यार्ड आले. लाइनमनसाठी आकडाच नसतो, हे या खेळातलं जुनं दुःख आहे. कॉलेजांसाठी २०१५ पासून जो मूर पुरस्कार आहे, तो देशातल्या सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइनला मिळतो, कुणा एकाला नाही, पूर्ण लाइनला. हे मला फार योग्य वाटतं. पाचांपैकी एकाचं पाऊल चुकलं तर बाकी चौघांचं काम पुसलं जातं, तेव्हा बक्षीसही पाचांचं असावं. आमच्याकडे शुक्रवारी चित्रण बघताना मी चेंडूचा भाग कापून टाकतो. पडद्यावर फक्त लाइन. सुरुवातीला मुलं स्वतःला शोधायची. आता डावा टॅकल म्हणतो, "कोच, मागे घ्या, गार्डचं दुसरं पाऊल दाखवा." शेजाऱ्याची पावलं बघायला लागलेला मुलगा लाइनमन झाला असं मी धरतो.

सिनसिनाटीला लाइन कोचेसच्या जगात मोठा मान आहे. अँथनी मुन्योझ हा बेंगल्स या इथल्या व्यावसायिक संघाचा डावा टॅकल १९९८ मध्ये कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या दालनात गेला, आणि त्याला घडवणारे जिम मॅकनॅली इथेच वर्षानुवर्षं लाइन शिकवत होते. त्यांच्या नावाशी जोडलेलं, फक्त ऑफेन्सिव्ह लाइनच्या कोचेसचं शिबिर या शहरात भरत आलं आहे. मीही जाऊन बसलो. दिवसभर बोलणं पावलांच्या कोनांवर. जेवणाच्या सुट्टीत लोक खुर्च्या सरकवून व्हरांड्यात पवित्रे घेऊन दाखवत होते. एका वयस्क कोचला मी आमचा टॉवेलचा सराव सांगितला. त्यानं तो वहीत उतरवून घेतला आणि मला विचारलं, "सुटणाऱ्याची नजर कधी हलते ते बघतोस का?" मी तोवर फक्त टाचा बघत होतो. आता एक मोसम नजर बघायची असं ठरवलं आहे.

या ऑगस्टपासून पुलिंग शिकवायचं आहे. म्हणजे उजव्या गार्डनं समोरच्याला सोडून द्यायचं, वळून लाइनच्या मागून डावीकडे धावायचं आणि बचावफळीच्या शेवटच्या माणसाला आतून बाहेर हटवायचं. विन्स लोम्बार्डी या कोचच्या ग्रीन बे संघाचे दोन्ही गार्ड, जेरी क्रेमर आणि फझी थर्स्टन, असेच एका अंगाला धावत निघायचे आणि त्यांच्यामागून चेंडू यायचा. आमच्या मुलांचा प्रश्न वळण्याचा आहे. ती आधी उभी राहतात, मग वळतात. डावा कोपर जोरात मागे झटकला की कंबर आपोआप फिरते आणि अंग खालीच राहतं, तेवढ्यावर आम्ही जूनपासून काम करतो आहोत. गार्ड निघून गेला की त्याची मोकळी झालेली जागा सेंटरला भरायची असते, तीही चेंडू मागे देता देता. त्यामुळे उजवा हात चेंडूवर असतानाच त्याचं उजवं पाऊल पडलं पाहिजे. सेंटर आणि त्याचा धाकटा भाऊ रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर येतात. मी मागे उकिडवा बसतो, भाऊ ढाल धरतो, आणि आम्ही ते एक पाऊल करत राहतो.